खिडकीबाहेरची ‘टुक टुक’ काय सांगते? घराजवळ वसंताची चाहूल अशी ओळखा

पंचांगात वसंत ऋतू म्हणजे चैत्र-वैशाख. पण सोसायटीच्या आवारात त्याची चाहूल फेब्रुवारीतच लागते. ती ओळखता आली, तर उन्हाळ्यापूर्वीच्या छाटणीत एखादे घरटे वाचू शकते.

‘टुक टुक’ कोणाची?
तांबट पक्ष्याची. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एका ठेक्यातला आवाज, म्हणून हे नाव. आकार साधारण चिमणीएवढा, अंग हिरवे, कपाळ लाल. पानांत तो सहज दिसत नाही. सकाळी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर शोधा.

कोकिळा गाते की कोकीळ?
‘कुहू’ हा सूर काळ्या नराचा. मादी तपकिरी, ठिपकेदार असते. हिवाळ्यात कोकीळ आसपास असला, तरी बहुधा गप्प असतो. तो गाऊ लागला, की विणीचा हंगाम जवळ आला. मादी अंडी घालते ती कावळ्याच्या घरट्यात.

पक्ष्यांना ऋतू कसा कळतो?
मुख्य खूण दिवसाच्या लांबीची. डिसेंबरच्या अखेरीपासून दिवस मोठा होत जातो. पक्ष्यांच्या मेंदूतील काही पेशींना कवटीतून झिरपणारा प्रकाशही जाणवतो. त्यातून संप्रेरके वाढतात आणि नर गाऊ लागतात. खाद्य आणि हवामान यांचाही परिणाम होतो.

झाड वाळलेय की फुलणार आहे?
पळस, पांगारा आणि काटेसावर पाने गाळून फुलतात. त्यामुळे ती काही दिवस मेल्यासारखी वाटतात. फुले आली, की मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर यांची गर्दी होते. भोरड्यांचे थवेही येतात. हे पाहुणे उन्हाळ्याच्या तोंडाशी मध्य आशियाकडे परततात.

फांदी तोडण्याआधी काय पाहाल?
तांबट वाळक्या किंवा मऊ लाकडाच्या फांदीत ढोली कोरतो. आपण ‘धोकादायक’ म्हणून हीच फांदी आधी उतरवतो. फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, गोल भोक दिसते का ते पाहा. पक्षी आत-बाहेर करत असेल आणि फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल, तर छाटणी पिल्ले उडेपर्यंत थांबवा. शहरात झाड तोडायचे असल्यास १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

नोंद कशी ठेवाल?
पहिली ‘कुहू’, पहिला मोहोर, पहिले पळसफूल यांची तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ‘ईबर्ड’वर पक्ष्यांची आणि ‘सीझनवॉच’वर झाडांची नोंद करता येते. अनेक वर्षांच्या अशा नोंदींतूनच ऋतू सरकतोय का, हे कळते.