इशारा कुणापर्यंत पोचतो?

मार्च २०२४ मध्ये मुंबई गुन्हे शाखेचं पथक कवठे महांकाळ तालुक्यातल्या इरळीत उतरलं. माग निघाला होता कुर्ल्यात सापडलेल्या, किलोभरही नसलेल्या एमडी या नशेच्या पावडरीवरून; इरळीच्या शिवारात १२२ किलोंहून अधिक माल मिळाला. त्याच्या महिनाभर आधी पुणे पोलिसांनी कुपवाडमधून मोठा साठा उचलला होता, त्याचं मूळ दौंडजवळच्या कुरकुंभला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीतला कारखाना सांगली पोलिसांनी स्वतः शोधला. डिसेंबर २०२५ मध्ये साताऱ्याच्या जावळी तालुक्यातलं सावरी बातम्यांत आलं. तिथंही पथक मुंबईचंच.

प्रत्येक वेळी छापा पडला, पंचनामा झाला, नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले. आकडा नेहमी कोटींत सांगितला गेला. त्या पावडरीत काय मिसळलं होतं, किती तीव्र होती, हे प्रयोगशाळेत समजू शकतं. पण तो अहवाल दोषारोपपत्राला जोडला जातो. मिरजेच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरला तो पाठवायची रीत नाही, आणि ती पावडर नाकानं ओढणाऱ्या पोराला तर नाहीच.

असा अहवाल थेट रस्त्यावर नेणारी यंत्रणा जगात आहे. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून ‘डिम्स’ नावाची व्यवस्था चालते. व्यसनोपचार केंद्रात ठरलेल्या वारी माणूस आपली गोळी घेऊन येतो. नाव विचारत नाहीत. गोळीचा रंग, छाप, व्यास, वजन मोजून आधीच्या नोंदींशी ताडून बघतात. ओळख पटली नाही तर ती प्रयोगशाळेत जाते. निकाल सांगताना समोरचा कर्मचारी दोन गोष्टी बोलतो, दोन विचारतो. उपदेश करत नाही, म्हणून माणूस पुन्हा येतो. आणि गोळी जीवघेणी निघाली तर मग मात्र गाजावाजा करतात.

डिसेंबर २०१४ मध्ये तसं झालं. ‘सुपरमॅन’चा छाप असलेली गुलाबी गोळी तपासणीला आली. एक्स्टसी म्हणून विकली जात होती, आत निघालं पीएमएमए. हे रसायन उशिरा चढतं. काहीच होत नाही असं वाटून माणूस दुसरी गोळी घेतो आणि मग अंगाचा ताप आवरत नाही. डच यंत्रणेनं लाल इशारा दिला, टीव्हीवरून बातमी गेली, क्लबांत पत्रकं वाटली. तिथं या गोळीनं कुणी दगावलं नाही. ब्रिटनमध्ये असा जाहीर गजर झाला नव्हता. नव्या वर्षाच्या आगेमागे तिथं चौघं गेले.

आता आपल्याकडच्या एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, कुंडली बघा. युरोपीय संघाची इशारा व्यवस्था १९९७ पासूनची. २००८ च्या सुमाराला तिच्यात मेफेड्रोनची नोंद झाली, २०१० मध्ये युरोपानं बंदी घातली. भारतात अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत ते आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. मधल्या काळात मुंबईत ते ‘म्याव म्याव’ नावानं उघड विकलं जात होतं आणि पोलिसांना कलम लावायची पंचाईत होती. चार वर्षांहून जास्त उशीर! इशारा होता, पण तो ऐकायला आपल्याकडे कुणी बसलेलं नव्हतं.

महाराष्ट्राला असा इशारा ऐकायचा अनुभव अगदीच नाही असं नव्हे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली तेव्हा अनिल अवचट गर्दुल्ल्यांमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी लिहिलं. डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं केलं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’द्वारे व्यसनमुक्तीचं काम रुजवलं. नवा नशेचा पदार्थ गावात आला की तो आधी अशा ठिकाणीच कळणार, कारण व्यसनी माणूस पोलिसाला सांगत नाही ते समुपदेशकाला सांगतो. मेडिकलवाल्यालाही बरंच दिसतं: झोपेच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा मागणारा तोच तोच चेहरा, किंवा भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब चढवायचं मेफेंटरमाइन इंजेक्शन विचारणारा जिमचा मुलगा. बातमी आहे, फक्त तिला जायला वाट नाही.

वाट अडते ती कायद्यानं. एनडीपीएस कायद्यात नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा. मेफेड्रोनची ‘अल्प मात्रा’ २ ग्रॅम आणि ‘व्यावसायिक मात्रा’ ५० ग्रॅम. पण अल्प मात्रेतही सुटका नाही, फक्त शिक्षा कमी. म्हणजे एखाद्या संस्थेनं तपासणीसाठी चिमूटभर पावडर टेबलावर ठेवून घेतली तर संस्थाच आरोपी. कलम ६४-अ उपचार घ्यायला आपणहून येणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून सवलत देतं, पण पुडी तपासून मागणाऱ्याला नाही. दवाखान्यातही तीच अडचण. बेशुद्ध मित्राला सिव्हिलमध्ये आणलं की केस ‘एमएलसी’ होते, पोलिसाला वर्दी जाते. आणणारे दोघं म्हणूनच दारात सोडून पळतात, आणि काय घेतलं होतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

पुडी तपासणारं डच पद्धतीचं केंद्र सांगलीत उद्या निघेल असं मला वाटत नाही, आणि त्यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नार्को समन्वय समिती जिल्ह्याजिल्ह्यात आहे. तिथं पोलीस, आरोग्य, औषध प्रशासन एकाच टेबलाशी बसतात. जप्त मालाचा रासायनिक अहवाल आरोपीचं नाव आणि गुन्हा क्रमांक वगळून सिव्हिल सर्जनकडे द्यायला नवी पुडी कुणाच्या हातात येत नाही. सिव्हिल सर्जननं तो मिरज, सांगली, सातारा, कराडच्या अतिदक्षता विभागांना आणि व्यसनमुक्ती केंद्रांना कळवायचा. उलट दिशेनं, डॉक्टरांनी नावाशिवाय एवढंच सांगायचं: या आठवड्यात काय लक्षणं घेऊन किती जण आले. केंद्र सरकारची १९३३ ही हेल्पलाइन जुलै २०२४ पासून सुरू आहे, पण तिच्यावर नागरिकानं सरकारला कळवायचं. सरकारनं नागरिकाला कळवायचा नंबर अजून कुणी काढलेला नाही.