जागची न हलणारी बोट!

दोस्तांनो, बीजिंगला गेलात तर एक अख्खा दिवस ‘समर पॅलेस’साठी राखून ठेवा हं! १७५० साली छ्येनलोंग बादशहानं आईच्या साठीनिमित्त ही बाग करायला घेतली.

आम्ही सकाळीच पोचलो. तळ्याकाठी ७२८ मीटर लांबीची, छप्पर असलेली वाट आहे. तिच्या तुळयांवरची चित्रं मोजायचं ताईनं ठरवलं. शंभरावरच मान दुखायला लागली! चित्रं आहेत तब्बल १४ हजारांवर!

वाट संपली आणि समोर चक्क दगडी बोट! ३६ मीटर लांब. वरचे मजले मात्र लाकडी, संगमरवरासारखे रंगवलेले.

बाबा सांगू लागले, “१८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी ही बाग जाळली. पुढे राजमाता त्सीशीनं ती पुन्हा उभी केली. पण त्यासाठी आरमाराचा पैसा वळवला.”

“मग आरमाराचं काय झालं?” मी विचारलं.

“१८९४-९५ च्या युद्धात जपाननं त्याचा धुव्वा उडवला.”

ताई बोटीकडे बघतच राहिली. म्हणाली, “म्हणजे खरी जहाजं बुडाली आणि ही तेवढी उरली!”

आज त्या बागेत कुणीही तिकीट काढून फिरू शकतं. सांगा बरं, त्सीशीच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?