सायकल संगणक, उपग्रहाधारित

सायकल संगणक, उपग्रहाधारित : सायकलच्या हँडलवर बसवावयाचे आणि कृत्रिम उपग्रहांच्या रेडिओ संकेतांवरून स्थान, वेग व अंतर दर्शविणारे उपकरण. स्थाननिश्चितीस किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. दाट झाडीत ते क्षीण होऊन नोंदीत चूक येते. चाकावर संवेदक जोडल्यास अंतर अधिक अचूक मिळते, मात्र चाकाचा परीघ (२८ इंची साध्या सायकलीस सु. २.२ मी.) बरोबर नोंदवावा लागतो.

उपकरणाची निवड प्रदेशानुसार करणे इष्ट. वर्धा जिल्ह्याचा दक्षिण भाग बव्हंशी सपाट असल्याने तेथे वायुदाबमापी उंचीदर्शकावर खर्च करणे व्यर्थ होय. उत्तरेकडील टेकड्यांत तो उपयोगी पडतो. वर्धा ते सेवाग्राम या सु. ८ किमी.च्या सरळ वाटेस तर नकाशाही नको. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. त्यामुळे भर उन्हात वाचता येणारा पडदा व उष्णता सोसणारा विद्युत् घट यांस प्राधान्य द्यावे. उन्हात तापलेला लिथियम घट प्रभारित करू नये, त्याने त्याचे आयुष्य घटते. २०० किमी.च्या ब्रेव्हे सफरीस १३.५ तासांची मुदत असते. तीसाठी घट १५ तास तरी टिकावा. उत्पादकाने दिलेला कालावधी नकाशा सतत चालू ठेवल्यास बराच कमी होतो.