गुडघा जपा, खेळ सोडू नका

मैत्रिणींनो, आपल्या मैदानावर रोज कबड्डी, खो-खो आणि लंगडी रंगते. केंद्राचे सामने जवळ आले की घरोघरी आईचे बोलणे सुरू होते, "पाय मोडून घेशील, मंग कोन पाहीन तुले?" आईची भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहे. तो मी थोडक्यात सांगते.

आधी गुडघा कसा असतो ते पाहू. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे वाटी. ही हाडे अस्थिबंधांनी, म्हणजे चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. मुख्य पट्ट्या चार. दोन बाजूंना, आणि दोन आत एकमेकींवर फुलीसारख्या. फुलीतली पुढची पट्टी नडगीला पुढे सरकू देत नाही. बंडीचे जू दोराने बांधलेले असते. दोर तुटला तर लाकूड शाबूत असूनही बंडी चालत नाही. गुडघ्याचे तसेच आहे.

ही पट्टी बहुतेक वेळा कोणाचा धक्का लागून तुटत नाही. पळता पळता एकदम थांबणे, पाय रोवून गर्रकन वळणे, उडी मारून ताठ पायावर उतरणे, यातच ती तुटते. खो-खोत खांबाजवळ वळताना आणि कबड्डीत चढाईहून परतताना आपण नेमके हेच करतो.

वयात येणाऱ्या मुलींना हा धोका त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो. या वयात उंची आणि वजन भराभर वाढते, पण स्नायूंची ताकद तेवढी वाढत नाही. उडीवरून उतरताना मुलींचे गुडघे आत वळतात. मांडीच्या मागचे स्नायू पुढच्यांपेक्षा कमी जोर लावतात. म्हणून सवय आत्तापासूनच लावायची.

माझी मामेबहीण आर्वी तालुक्यात राहते. कबड्डीत वळताना तिचा गुडघा गेला. तिला कोणी धरलेही नव्हते. शीर चढली असेल म्हणून घरी तेल लावून चोळले. सूज उतरली, पण चालताना पाय मधेच लचकू लागला. दवाखान्यात न्यायला फार उशीर झाला. तिचा खेळ सुटला आणि मामाने धाकटीचाही खेळ बंद केला. धाकटी तर तिच्याहून चपळ आहे!

आता दुसरे उदाहरण ऐका. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना २०१७ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात खेळत असताना तिच्या गुडघ्याची हीच पट्टी दुखावली. पाच महिने तिने नीट उपचार आणि व्यायाम केले. जूनमध्ये विश्वचषकात तिने इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा काढल्या. २०२५ साली नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती उपकर्णधार होती.

पण दुखापत होऊच नये हे सगळ्यात बरे. नॉर्वेमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर एक प्रयोग झाला. काही संघांनी खेळाआधी २० मिनिटे ठरावीक व्यायाम केला, काहींनी नेहमीसारखाच सराव केला. २००८ साली निकाल छापून आला. व्यायाम करणाऱ्या मुलींत मोठ्या दुखापती जवळजवळ निम्म्याच झाल्या. त्याच धर्तीचे व्यायाम आपल्यालाही जमतील. पैसा लागत नाही.

१) मैदानाला हळू धावत दोन-तीन फेऱ्या.
२) दहा बैठका. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा, आत वळू देऊ नका.
३) एका पायावर अर्धा मिनिट उभे राहणे, मग दुसऱ्या पायावर.
४) जागेवर दहा उड्या. मांजरीसारखे, आवाज न करता, गुडघे वाकवून उतरा.
५) गुडघ्यांवर उभे राहा. मैत्रिणीने मागून घोटे धरावेत. कंबर न वाकवता सावकाश पुढे झुका आणि हातांवर उतरा. चार-पाच वेळा पुरे.
६) धावत येऊन छोटी छोटी पावले टाकत थांबणे आणि वळणे.

मैत्रिणीचा गुडघा आत वळला तर तिला लगेच सांगा. हे आठवड्यातून दोन-तीनदा, पूर्ण हंगामभर करावे. सामन्याच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही.

मैदानही पाहा. आपली जमीन काळी. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. खेळाआधी भेगा बुजवा, गोटे वेचा, ओल्यात खेळू नका.

गुडघ्यात 'कट्' आवाज आला, लगेच सूज आली किंवा पाय लचकू लागला, तर खेळ तिथेच थांबवा. कापडात बर्फ गुंडाळून शेका, नाहीतर गार पाण्याची पट्टी ठेवा. चोळू नका, ओढू नका. डॉक्टरांना दाखवा. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात हाडांचा विभाग आहे.

पालकांना माझी विनंती आहे. विहिरीत पडू नये म्हणून आपण पोहणे शिकवतो, पाणी पिणे बंद करत नाही. तसेच मुलींचा खेळ बंद करू नका. मैदानावर या, आमचे व्यायाम पाहा, आणि उडी मारताना आमचे गुडघे सरळ राहतात की नाही ते तुम्हीच सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी