पाटीवर राहून गेलेली ओळ

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मी दवाखान्याच्या दाराशी खडूने पाटी लिहिली होती : ‘घरीच राहा. गर्दी करू नका. हात साबणाने धुवा.’ तिन्ही सूचना योग्यच होत्या. पण पाटी अपुरी होती, हे मला एका शिंपीकाकांमुळे कळले.

काका माझे रक्तदाबाचे जुने रुग्ण. पाटी वाचून ते दारातूनच परत गेले. गोळ्या संपल्या, तरी ‘डॉक्टरांनीच घरी राहायला सांगितलंय’ म्हणून दीड महिना तसेच राहिले. एका सकाळी तोंड वाकडे झाले, उजवा हात उचलेना. रुग्णवाहिका आली तर गल्ली कोरोना समजून वाळीत टाकील, या धास्तीने घरच्यांनी संध्याकाळपर्यंत कोणाला कळू दिले नाही. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ निघून गेली. कोरोना त्यांना झालाच नव्हता. जीव वाचला, पण कात्री धरणारा हात गेला.

सप्टेंबर 2020 मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी गेले. ताप, ऑक्सिजन मोजलाच. शिवाय घरात मधुमेह, रक्तदाब कोणाला आहे, हेही विचारले. हाच प्रश्न मी विचारायला हवा होता.

साथ कोणतीही असो, एवढे ध्यानात ठेवा :

1. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट यांची औषधे स्वतःहून बंद करू नका. गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या उरल्या, की पुढच्या आणा. बाहेर पडता येत नसेल, तर डॉक्टरांना फोन करा.

2. तोंड वाकडे होणे, हातातील शक्ती जाणे, बोबडे बोलणे, छातीत कळ येणे, धाप लागणे यांत वाट पाहू नका. 108 ला फोन लावा.

3. रोज थोडे चाला, वेळेवर जेवा व झोपा. एकट्या वृद्धांची दारातून का होईना, विचारपूस करा.

4. रुग्णापासून अंतर ठेवा, त्याच्या घराशी अबोला धरू नका. लोक वाळीत टाकतात म्हणूनच आजार लपवला जातो, आणि लपवलेला आजार अधिक पसरतो.

काका अजूनही तपासणीला येतात. पाटीवर आता चौथी ओळ आहे : ‘नेहमीच्या गोळ्या चालू ठेवा.’ ती मी खडूने नव्हे, रंगाने लिहून घेतली आहे.