भाडे आणि भाव : नाशिकच्या घरांचे दोन हिशेब

घराची किंमत आणि घराचे भाडे ही दोन्ही एकाच वास्तूची मोजमापे असली, तरी त्यांची साक्ष एकसारखी नसते. किंमत ठरते ती खरेदीदाराच्या आशेवर, कर्ज देणाऱ्या बँकेच्या औदार्यावर आणि उद्या हा परिसर कसा होईल याविषयीच्या अंदाजावर. भाडे मात्र दरमहा रोख मोजावयाचे असल्यामुळे भाडेकरूच्या चालू कमाईपलीकडे ते फार काळ जाऊ शकत नाही. मुंबईच्या कोलाहलात हा भेद सहसा ध्यानात येत नाही. परंतु नाशिकसारख्या मध्यम आकाराच्या महानगरात, जेथे २०११ च्या जनगणनेच्या वेळी महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे पंधरा लाख माणसे राहत होती आणि जेथे जवळजवळ प्रत्येक उपनगराला कोणत्या ना कोणत्या उपजीविकेचा आधार आहे, तेथे तो निरखून पाहता येतो.

नाशिकला एकच भाडेबाजार आहे असे मानून चालत नाही. सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यावर कामगारांसाठी सिडकोने सहा योजनांत जे नवीन नाशिक वसवले, तेथील लहानशा घरांवर मूळ मालकांनी यथावकाश मजले चढवले आणि वरच्या खोल्या गावाकडून, किंवा थेट उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या तरुण कामगारांना भाड्याने दिल्या. पाथर्डी फाटा व इंदिरानगर या बाजूला कारखान्यांतील तंत्रज्ञ आणि नोकरदार कुटुंबे ‘टू बीएचके’ शोधत येतात. कॉलेज रोड व गंगापूर रोड हा महाविद्यालयांचा, खासगी शिकवण्यांचा आणि डॉक्टर-वकिलांचा प्रांत. तेथे एका खोलीत तीन-चार खाटा मांडून ‘कॉट बेसिस’वर विद्यार्थी ठेवणे हाच एक स्थिर व्यवसाय झाला आहे. आडगावला वैद्यकीय महाविद्यालयाने आणि म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठाने असाच भाडेकरू मिळवून दिला. नाशिक रोडला मात्र दोन सरकारी मुद्रणालये, रेल्वे आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहती यांमुळे मागणीची चाल फार पूर्वीपासून संथ राहिली आहे.

या मागणीला पंचांगही आहे. परीक्षा संपून नवे शैक्षणिक वर्ष सुरू होईपर्यंतच्या मे-जून महिन्यांत ‘भाड्याने देणे आहे’ या पाट्या झपाट्याने उतरतात. पितृपक्षात बिऱ्हाड हलवण्यास सहसा कोणी राजी नसते, आणि दसरा उजाडला की पुन्हा हालचाल सुरू होते. कारखान्यातील कंत्राटी कामगाराला मात्र ऋतू नाही. पूर्वीचा कायम कामगार भविष्यनिर्वाह निधी आणि पतपेढीचे कर्ज यांच्या बळावर पाच-दहा वर्षांत स्वतःचे घर बांधी. आजचा कंत्राटी कामगार पुढील वर्षी याच शहरात असेल की नाही हे सांगू शकत नाही. त्यामुळे पूर्वी भाड्याची खोली ही जी पायरी होती ती त्याच्यासाठी मुक्काम होऊन बसली आहे.

आता मालकाच्या बाजूने पाहू. समजा, एखाद्या गृहस्थाने पन्नास लाख रुपयांची सदनिका घेऊन ती दरमहा साडेबारा हजारांनी दिली. वर्षाचे दीड लाख, म्हणजे भांडवलावर तीन टक्के. यातून घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, भाडेकरू बदलताना करावी लागणारी रंगरंगोटी आणि घर रिकामे पडलेला एखादा महिना वजा केला, की बँकेतील मुदत ठेव त्याहून कितीतरी लाभदायक ठरते. तरीही तो घर घेतो, कारण त्याची दृष्टी भाड्यावर नसून दहा वर्षांनंतरच्या भावावर असते. ज्याला भाडे हे दुय्यम उत्पन्न आहे, त्याला भाडेकरू जोखीम वाटू लागतो, आणि थोड्या उत्पन्नासाठी कब्जा गमावण्याचे भय बाळगण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे त्याला शहाणपणाचे वाटते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागांत एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली, आणि दुसऱ्याच वर्षी केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने नागरी घरांची तूट एक कोटी ८७ लाखांच्या वर असल्याचा हिशेब मांडला. ही विसंगती समजून घ्यावयाची तर मालकाच्या मनातील हे भय समजून घेतले पाहिजे.

त्याचे मूळ गोदावरीकाठच्या जुन्या नाशिकात सापडते. महायुद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना बेदखल होण्यापासून वाचवावे, या रास्त हेतूने मुंबई राज्यात १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा अमलात आला आणि १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे ठरले. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. परिणामी भद्रकाली, सराफ बाजार, पंचवटी या भागांतील वाड्यांत अशी बिऱ्हाडे राहिली की, वसुलीला येणाऱ्याच्या जाण्यायेण्याचा खर्चही त्यांच्या भाड्यातून निघू नये. तुळई किडली तर दुरुस्तीला मालकाजवळ उत्पन्न नाही, आणि वाडा सोडला तर हक्क जाईल म्हणून भाडेकरू हलत नाही. दर पावसाळ्याआधी महानगरपालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि तरीही एखादी भिंत कोसळल्याची वार्ता येते. कालौघात हे गोठवलेले भाडे अवाजवी झाले आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात दिला, आणि महाराष्ट्राचा १९९९ चा नवा भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दरसाल चार टक्के वाढीची तरतूद आहे.

दरम्यान मालकवर्गाला दुसरा धडा मिळाला होता. भाडेपट्टा न करता ‘लिव्ह अँड लायसन्स’ने, म्हणजे केवळ वापराच्या परवानगीने घर द्यावे, ही युक्ती वकिलांनी शोधली होती, परंतु १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीने राहत असलेले रहिवासी एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. कोणालाही फार काळ राहू देऊ नये, हा बोध तेव्हापासून बापाकडून मुलाकडे मृत्युपत्रासारखा चालत आला आहे.

अकरा महिन्यांच्या कराराचे माहात्म्य यातूनच वाढले. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये नोंदवावा लागतो, तेव्हा अकरा महिन्यांत मुद्रांकाच्या कागदावर काम भागते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने असो वा परवानगीने, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. ही जबाबदारी मालकावर आहे आणि तिच्यात कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे असे की, करार नोंदवलेला नसेल तर वादाच्या प्रसंगी अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे मानले जाते. उलटपक्षी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार नोंदवलेला असेल, तर मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्यापुढे थेट दाद मागता येते, राहणाऱ्याला बचाव मांडण्यासाठीही अनुमती घ्यावी लागते, आणि अधिक राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम भरावी लागते. मुद्रांक शुल्क भाडे आणि अनामतीवरील हिशेबी व्याज यांच्या बेरजेवर अवघा पाव टक्का, शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये, आणि अंगठ्याचा ठसा घरबसल्या देण्याची सोय. एवढे असूनही जो दस्तऐवज मालकाचे सर्वांत मोठे संरक्षण आहे तोच चुकवण्यात त्याला बचत वाटते. वार्षिक भाडे एक लाखावर गेले की घरभाडे भत्त्याची करसवलत मागणाऱ्या नोकरदाराला मालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो, आणि त्या बेतानेच ‘भाडे रोख, पावती नाही’ ही अट पुढे येते.

कागदावर भरवसा नसला की माणसाची पारख आडनावावरून होऊ लागते. ‘फक्त फॅमिलीसाठी’, ‘शाकाहारी असल्यास प्राधान्य’ अशा पाट्यांआड अविवाहित तरुण, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, मुसलमान आणि दलित यांना किती दारांवरून परतावे लागते, हे कोणताही एजंट खासगीत सांगेल. मालकाने घर भाड्याने दिल्यास सहकारी गृहनिर्माण संस्थेने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच बिनभोगवटा शुल्क घ्यावे, असा शासनाचा दंडक आहे. कोण राहावे हे ठरवण्याची सनद संस्थांना कोणी दिलेली नाही, तरी ती त्या बजावतात. ज्यांना निवड कमी, त्यांना भाडे अधिक, हा या पारखीचा आर्थिक परिणाम आहे.

भाडे हा कमाईचा किती नाजूक आरसा आहे, हे २०२० सालच्या टाळेबंदीत दिसले. कारखाने थांबले, रोजंदारी बुडाली, आणि भाड्याच्या खोल्यांतील माणसे मुंबई-आग्रा रस्त्याने चालू लागली. १ मे रोजी नाशिक रोडहून भोपाळकडे सुटलेली गाडी देशातल्या पहिल्या श्रमिक गाड्यांपैकी होती. त्याआधीच राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना तीन महिने भाडेवसुली लांबणीवर टाकण्याची सूचना केली होती, परंतु सूचना ही सक्ती नसते, आणि ज्या मालकाचा स्वतःचा हप्ता भाड्यावर चालतो त्याचीही अडचण खोटी नव्हती. त्याच वर्षी केंद्राने स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना जाहीर केली, तर २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा संमत केला. त्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. मात्र तो राज्याने स्वीकारल्यावाचून राज्यात लागू होत नाही.

आता २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्णपणे खुला झाला आहे आणि २०२६-२७ चे सिंहस्थ नाशिकच्या दाराशी आहे. अशा वेळी जमिनीचे भाव चढतात, ठेकेदारांची आणि मजुरांची तात्पुरती मागणी भाडीही काही काळ वर नेते. परंतु कुंभमेळा आटोपल्यावर भाडे पुन्हा येथल्या पगारांच्या पातळीला येईल आणि भाव कदाचित वरच राहील. दर बारा वर्षांनी तपोवनात साधुग्राम उभारण्याचे नियोजन ही महानगरपालिका करते: जागा, पाणी, शौचालये, दिवाबत्ती, सर्व काही ठरल्या तिथीला तयार असते. अंबडच्या कारखान्यांजवळ कामगारांसाठी, आणि गंगापूर रोडला विद्यार्थिनींसाठी, नोंदणीकृत करारावर मिळणाऱ्या काही हजार खोल्या कायमच्या बांधणे हे त्याहून अवघड काम नाही. त्यासाठी एवढेच मान्य करावे लागेल की, आज भाड्याने राहणारा माणूस या शहराचा पाहुणा नसून करदाता रहिवासी आहे, आणि त्याच्या घराची तरतूद विकास आराखड्यातच झाली पाहिजे.