कन्सोल घेणाऱ्याला काय हवं असतं?

जून २०१३. लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या मेळ्याच्या वेळी सोनीने जेमतेम वीस सेकंदांची एक फीत प्रसिद्ध केली. विषय होता, प्लेस्टेशन ४ वरचा गेम मित्राला कसा द्यायचा. कंपनीचे शुहेई योशिदा हातातला गेमचा डबा शेजारी उभ्या असलेल्या सहकारी ॲडम बॉइझ यांना देतात, बॉइझ आभार मानतात आणि फीत संपते.

त्या फितीमागचं कारण आदल्या महिन्यात घडलं होतं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला होता आणि त्याला अटी लावल्या होत्या. चोवीस तासांतून एकदा कन्सोल इंटरनेटला जोडला नाही, तर त्यावरचे गेम चालणार नव्हते. विकत घेतलेली डिस्क दुसऱ्याला द्यायची किंवा विकायची, तर त्यावरही बंधनं येणार होती. किनेक्ट कॅमेरा सोबत घ्यावाच लागणार असल्याने किंमत ४९९ डॉलर; सोनीची ३९९. खेळणारे इतके बिथरले की १९ जूनला मायक्रोसॉफ्टने या अटी मागे घेतल्या आणि पुढच्या वर्षी किनेक्टशिवायचा, स्वस्त कन्सोलही आणला. त्या पिढीची शर्यत मात्र तोवर हातची गेली होती.

या उद्योगाबद्दल गेल्या दहा-बारा वर्षांत जे काही लिहिलं गेलं, त्यात या प्रसंगाला माझ्या मते सर्वांत जास्त वजन आहे. खेळणाऱ्याला सरळ प्रश्न विचारला गेला आणि त्याने सरळ उत्तर दिलं: पैसे मोजून घेतलेली वस्तू माझी असली पाहिजे, आणि ती मला वाटेल तेव्हा चालली पाहिजे. हे उत्तर नंतर एकदाही बदललेलं नाही. बदलल्या त्या कंपन्यांच्या अपेक्षा.

कन्सोल हे मुळात कटकट नको असलेल्यांचं यंत्र. टीव्हीला जोडायचं, सुरू करायचं, खेळायचं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेटवाले व्हिडिओ गेम आले, मारिओ आणि कॉन्ट्रा घराघरांत खेळले गेले, गल्लीतली मुलं आपापसांत कॅसेटी बदलून घेऊ लागली, तेव्हाही आकर्षण हेच होतं. मग प्लेस्टेशन २ आला. जगभरात सोळा कोटींवर खपलेला हा कन्सोल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि गावोगावच्या गेम पार्लरमधून एका अख्ख्या पिढीच्या हाती पोहोचला. अमेरिकेत २००० साली तो २९९ डॉलरना आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरला. थोडं थांबलं की तेच यंत्र आपल्या ऐपतीत येणार, हा कन्सोलच्या दुनियेतला अलिखित करार होता.

तो करार या पिढीत मोडला. नोव्हेंबर २०२० मध्ये परदेशात आलेला प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला विक्रीस आला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. पुढच्याच वर्षी तो ५४,९९० झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये अनेक देशांत किंमत वाढली होती, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही वाढली. एक्सबॉक्सची किंमत तर अमेरिकेत २०२५ या एकाच वर्षात दोनदा चढली. चिप पूर्वीच्या वेगाने स्वस्त होत नाहीत आणि अमेरिकेच्या आयात शुल्काची त्यात भर पडली, ही कारणं खरी आहेत. पण पैसे साठवत थांबलेल्या कुटुंबाचं त्यात नुकसान झालं, आणि या बाजारात सर्वांत मोठी संख्या नेहमी अशा थांबणाऱ्यांचीच असते.

पैसा जातो कुठे? बराचसा चित्राच्या झळाळीवर. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या दोन गेमच्या निर्मितीचा खर्च उघड झाला; प्रत्येकी वीस कोटी डॉलरच्या वर. आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो जाहीर करताना त्याचे रचनाकार मार्क सर्नी यांनी सांगितलं की, देखणं चित्र आणि वेगवान चित्र यांत निवड करायला सांगितलं, तर खेळणारे सुमारे तीन चतुर्थांश वेळा वेग निवडतात. म्हणजे सेकंदाला तीस चित्रांऐवजी साठ. बोट दाबलं की पात्राने त्याच क्षणी उडी मारावी, नेम धरताना पडदा अडखळू नये, एवढंच त्यांचं मागणं. पानाफुलांवरची सावली त्यानंतर. कंपनीच्याच माणसाने कंपनीच्याच व्यासपीठावरून दिलेली ही कबुली मला फार मोलाची वाटते. त्यावरचा इलाज म्हणून आलेला प्रो मात्र ७०० डॉलरचा होता, आणि डिस्क ड्राइव्ह त्यात नव्हता. भारतात तो आलाच नाही, कारण त्याचं वाय-फाय वापरतं ती सहा गिगाहर्ट्झची लहर तेव्हा इथे खुली नव्हती.

उद्योगाची दुसरी ओढ म्हणजे कधीच न संपणारा गेम. २०१७ मध्ये ‘फोर्टनाइट’ आला, फुकट असूनही त्याने अफाट कमाई केली, आणि प्रत्येक मोठ्या कंपनीला आपलाही एक फोर्टनाइट हवासा झाला. सोनीने २०२२ मध्ये असे दहाहून अधिक गेम आणायचं ठरवलं. पुढच्या वर्षी त्यांतले निम्मे लांबणीवर पडले. त्यांतलाच ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला त्याचे सर्व्हर बंद करून लोकांचे पैसे परत केले गेले आणि ऑक्टोबरमध्ये तो घडवणारा फायरवॉक स्टुडिओच बंद झाला. वॉर्नर ब्रदर्सला अशाच धर्तीच्या ‘सुइसाइड स्क्वाड’मध्ये सुमारे वीस कोटी डॉलरचा फटका बसला.

हे अपयश कारागिरीचं कमी आणि हिशेबाचं जास्त आहे. रोजच्या खानावळीत जेवणारा माणूस दुसऱ्या खानावळीचा महिना भरत नाही. ज्याचा मित्रांचा कंपू रात्री नऊ वाजता फोर्टनाइटमध्ये जमतो, त्याला दुसरा तसाच गेम कितीही चांगला करून दिला तरी तो तिथे का जाईल? त्याचे मित्र इथे आहेत. २०११ चा ‘माइनक्राफ्ट’ आणि २०१३ चा ‘जीटीए ५’ आजही खेळले जातात ते याच कारणाने. खेळणाऱ्यांना ऑनलाइन गेम नको आहेत, असं म्हणणं म्हणूनच खोटं ठरेल. त्यांना एक हवा असतो, आणि तो त्यांना मिळालेला असतो. ‘हेलडायव्हर्स २’ ने फेब्रुवारी २०२४ मध्ये ही भिंत ओलांडली आणि बारा आठवड्यांत एक कोटी वीस लाख प्रती खपवल्या. किंमत ४० डॉलर, चार मित्रांना अर्ध्या तासात पोटभर हसवणारा खेळ, आणि ज्या वस्तूंसाठी इतरत्र पैसे मागतात त्या इथे खेळूनही मिळवता येतात. खेळणाऱ्याच्या वेळेची कदर केली की तो वेळ देतो.

मायक्रोसॉफ्टच्या गेम पासबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. महिन्याला ठरावीक रक्कम भरून शेकडो गेम चाळायला मिळणं, विशेषतः हातखर्चावर जगणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, मोठी सोय होती. पण २०१९ मध्ये पंधरा डॉलरला सुरू झालेली त्यातली अल्टिमेट श्रेणी ऑक्टोबर २०२५ मध्ये तीस डॉलरवर गेली. त्याआधी मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेण्यासाठी ६८.७ अब्ज डॉलर मोजले, व्यवहार पूर्ण झाल्यावर सुमारे साडेतीन महिन्यांत गेम विभागातल्या १,९०० लोकांना घरी पाठवलं, आणि मे २०२४ मध्ये टोकियोचा टँगो गेमवर्क्स बंद करायचं जाहीर केलं. हा तोच स्टुडिओ, ज्याचा ‘हाय-फाय रश’ आदल्या वर्षी लोकांनी डोक्यावर घेतला होता. पुढे कोरियाच्या क्राफ्टनने तो वाचवला. नवनवीन गेम मिळतील या आशेने वर्गणी भरणाऱ्याला याचा राग येणारच, आणि तो रास्त आहे.

उलट यश कुठे मिळालं ते पाहा. २०२४ चा सर्वोत्तम गेम ठरला ‘ॲस्ट्रो बॉट’: टोकियोच्या साठेक माणसांच्या टीम असोबीने केलेला, इंटरनेटशिवाय चालणारा, लहान मुलापासून आजोबांपर्यंत कुणीही खेळावा असा, काही संध्याकाळींत संपणारा. २०२५ चा मान ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३’ ला मिळाला. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल स्टुडिओचा गाभ्याचा चमू तीसेक जणांचा, गेमची किंमत ५० डॉलर, आणि खेळण्याची पद्धत कंपन्यांनी कधीच जुनी ठरवून टाकलेली, पाळीपाळीने वार करण्याची. तरी लाखोंनी तो विकत घेतला. निन्टेंडोचा स्विच चित्राच्या ताकदीत प्रतिस्पर्ध्यांच्या कितीतरी मागे होता, आणि पंधरा कोटींवर खपला. टीव्हीवर चालू केलेला गेम उचलून अंथरुणात नेता येणं, ही सोय एखाद्या चिपपेक्षा मोठी ठरली.

उद्योगाने मनापासून ऐकलं अशीही एक बाजू आहे. २०१८ चा एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्यांसाठी बनला. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ मध्ये साठाहून अधिक सोयी होत्या, त्यांतल्या काही दृष्टी नसलेल्यांनाही गेम शेवटपर्यंत नेता यावा यासाठी. अशा कामावर झालेला प्रत्येक डॉलर सत्कारणी लागला.

आपल्याकडे डिस्कचं महत्त्व परदेशापेक्षा जास्त आहे. प्लेस्टेशन ५ सोबत सोनीने आपल्या मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपये ठेवली. ही रक्कम बहुतेकांना परवडते ती एकाच कारणाने: संपला की गेम दुकानात देऊन दुसरा घेता येतो, किंवा निम्म्या-पाऊण किमतीला विकता येतो. डिस्क गेली की हा सगळा व्यवहार संपतो आणि कन्सोल फक्त श्रीमंतांचा उरतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला देखणा गेम केला, धाकट्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीचा. ऑगस्ट २०२० मध्ये तो सर्वांत आधी स्विचवर आला. त्या स्विचची भारतात अधिकृत विक्रीच नव्हती! इथली गुणवत्ता जगाच्या बाजारात पोहोचते आहे, इथला गिऱ्हाईक मात्र कंपन्यांच्या नकाशाच्या काठावर आहे.

सर्वांत निकडीचा प्रश्न मालकीचाच आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने थ्री-डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलची ऑनलाइन दुकानं बंद केली. मार्च २०२४ च्या अखेरीस युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या २०१४ च्या मोटार शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवर बेतलेला असल्याने डिस्क जवळ असणाऱ्यांच्या हाती काहीच राहिलं नाही. त्यातून रॉस स्कॉट यांची ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपीय संघातल्या तिच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला गेला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना स्पष्ट सांगावं लागतं की, गिऱ्हाईक डिजिटल गेम नव्हे, तर त्याचा परवाना घेत आहे.

मोहिमेची मागणी वाजवी आहे. सर्व्हर कायम चालवा, असं कुणी म्हणत नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, इतकंच. बोभाटा झाल्यावर युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये याच मालिकेतल्या पुढच्या दोन गेमना इंटरनेटशिवाय चालण्याची सोय देण्याचं जाहीर केलं. पहिला ‘द क्रू’ ज्यांनी पैसे देऊन घेतला होता, त्यांना ती मिळालेली नाही.